तुम्ही त्यांना वाचवलंत

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

यंदाच्या व्याख्यानमालेची सुधारित पत्रिका परवा मिळाली. पहिल्या पत्रिकेत चौथ्या दिवशी एका ज्येष्ठ स्तंभलेखकांची प्रकट मुलाखत होती. आता तिथे 'आहार आणि आरोग्य' आलं आहे आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ: अपरिहार्य कारणास्तव कार्यक्रमात बदल करण्यात आला आहे. कारण काय ते नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे: त्यांचा दहीहंडीवरचा लेख. कार्यवाहांना आधी फोन आले. मग दोन जण प्रत्यक्ष येऊन 'पाहुण्यांचं आमच्या पद्धतीने स्वागत करू' असं सांगून गेले. मंडळाची तातडीची बैठक झाली आणि चहा गार व्हायच्या आत चाळीस वर्षांची कारकीर्द पत्रिकेवरून उतरली.

तुम्हाला वाटेल, आता ही बाई अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर दोन पानं लिहिणार. नाही लिहिणार. ते काम करणारी मंडळी आपल्या शहरात पुष्कळ आहेत आणि ती ते मनापासून करतात. माझी तक्रार दुसरीच आहे. या गृहस्थांना गेल्या दहा-पंधरा वर्षांत कोणीतरी समोर बसवून चार सरळ प्रश्न विचारायला हवे होते. तशी वेळ एकदाची आली होती. दोन तास, भरलेलं सभागृह, श्रोत्यांच्या हातात माईक, आणि निम्म्याहून जास्त श्रोते त्यांचे जुने वाचक. त्या दोन तासांतून तुम्ही त्यांची अलगद सुटका केलीत. आता ते कुठल्याही व्यासपीठावर उभं राहून 'ठाण्याने माझं तोंड बंद केलं' असं म्हणायला मोकळे आहेत, आणि म्हणतीलच. अलीकडच्या लेखांनी त्यांना जो मान मिळवून दिला नव्हता, तो तुमच्या एका ओळीने मिळवून दिला.

त्यांचं नाव मी इथे घेत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलं आहे. नाव घेतलं की माणसं लगेच दोन रांगांत उभी राहतात आणि पुढचं कोणी वाचत नाही.

मी हे कोणत्या अधिकाराने बोलते, तेही सांगते. मी आपली आजीव सभासद आहे. निवृत्तीपर्यंत मुंबईच्या एका दैनिकात उपसंपादक होते आणि त्यातली बरीच वर्षं वाचकांच्या पत्रांचं पान माझ्याकडे होतं. बायकांना रात्रपाळी द्यायची नाही, असा आमच्याकडे तेव्हा अलिखित नियम होता. मग त्यांना द्यायचं काय? तर पाककृती, बालविभाग आणि वाचकांची पत्रं. पहिल्या दोन्हींना मी नकार दिला. तिसऱ्याला कोणी प्रतिष्ठेचं काम मानत नव्हतं, आणि तेच माझ्या पथ्यावर पडलं.

दुपारी टपालाचा गठ्ठा यायचा. पोस्टकार्डं, अंतर्देशीय पत्रं, फुलस्केप कागद. ('कागदाच्या एकाच बाजूस लिहावे' ही सूचना आम्ही वर्षानुवर्षं छापली, ती कोणी पाळल्याचं स्मरत नाही.) बाहेरून पाहणाऱ्याला स्तंभलेखकाची कारकीर्द त्याच्या लेखांमधून दिसते. मी ती उत्तरांमधून पाहिली. कोणाच्या लेखावर टपाल आलं आणि कोणाच्या लेखावर शुकशुकाट होता, हे लेखकाच्या आधी मला कळायचं. पत्रांत शिव्या असत, कविता असत, न्यायालयाच्या निकालांच्या प्रती असत, एकदा तर एकाने आपल्या घराच्या घरपट्टीची मूळ पावतीच टाचून पाठवली होती. आमचे हे लेखक त्या पत्रांसाठी स्वतः माझ्या टेबलाशी यायचे. बाकीचे स्तंभलेखक शिपायाला पाठवायचे. काही तर तेवढंही करत नसत.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ते ठाण्याहून बातम्या पाठवणारे वार्ताहर होते. जिल्हा तेव्हा पार तलासरी-डहाणूपर्यंत पसरलेला. ठाण्याची महापालिका व्हायला १९८२ उजाडायचं होतं. वागळे इस्टेटमधले कारखाने तीन पाळ्यांत चालत होते, ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायनांचा वास होता आणि त्याच वासात हजारोंची रोजीरोटी होती. जिल्हा पानाच्या एका कोपऱ्यात त्यांचं सदर सुरू झालं. पायी फिरून लिहायचे. तलाठी कोण, मिठागराचा ठेका कोणाचा, कोणत्या तलावाच्या कडेला रातोरात भराव पडला, हे त्यांना पाठ असायचं. भाषा तेव्हाही तिखट होती. पण त्या तिखटाखाली मजकूर असे.

पहिलं वादळ उठलं ते १९८४ मध्ये. नव्या मंडळींसाठी थोडं सांगायला हवं. नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी १७ मार्च १९७० रोजी स्थापन झाली आणि त्या नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन घ्यायचं ठरलं. मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटलं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत उरण तालुक्यात पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जणांचा जीव गेला. जासईला त्यांचा हुतात्मादिन आजही पाळला जातो.

त्या गोळीबारानंतर काही आठवड्यांतच आमच्या लेखकांनी लिहिलं की, मुंबईचा श्वास मोकळा व्हायचा असेल तर खाडीपलीकडे शहर हवंच, त्यासाठी जमीन द्यावीच लागेल, आणि पुढाऱ्यांनी शेतकऱ्यांना न परवडणारी स्वप्नं दाखवली. पाच घरांतलं सुतक नुकतं फिटलेलं. लेख वाचून माझ्याच अंगाचा तिळपापड झाला होता, तर उरण-पनवेलच्या माणसांचं काय झालं असेल! पुढच्या आठवड्यात टपाल आलं ते पोत्याने.

त्या पोत्यात एका प्राथमिक शिक्षकाचं पत्र होतं. चार फुलस्केप, अर्थातच दोन्ही बाजूंनी. शिवी एकही नाही. भाताचं पीक किती येतं, मिठागरावर हंगामात किती माणसं लागतात, खाडीतली मासळी कोणाच्या चुलीवर जाते, असा सगळा हिशेब मांडून त्यांनी विचारलं होतं: सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याला कमी का होईना पैसे मिळतील, पण ज्याचं नावच कुठे नाही त्या शेतमजुराने, कोळ्याने, मिठागरावर राबणाऱ्या बाईने कोणाच्या दारात उभं राहायचं?

मी पत्र घेऊन लेखकांकडे गेले. दोनशे शब्दांत कापून पानावर घेऊ का, एवढंच विचारायचं होतं. त्यांनी ते उभ्याने वाचलं, मग खुर्ची ओढून पुन्हा वाचलं आणि म्हणाले, या रविवारी माझं सदर नको, त्या जागी हे घ्या. संपादक तयार होईनात. सदराच्या जागी वाचकाचं पत्र, तेही सदरालाच झोडपणारं, आणि अनोळखी मास्तरांचं! दोघांची बरीच खडाजंगी झाली. अखेर पत्र छापलं गेलं, एकही ओळ न कापता. त्याच्या पुढच्या रविवारी लेखकांनी उत्तर दिलं. शहर हवं हे मत त्यांनी सोडलं नाही. मात्र जमीन नसलेल्यांचा विचार आपल्या लेखात नव्हता, हे साध्या भाषेत कबूल केलं. तिथेच थांबले नाहीत. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली, तेव्हाही ज्यांची जमीन गेली नाही पण रोजी गेली त्यांचं काय, हा प्रश्न ते धरून बसले होते. त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत मला सर्वांत मोठा वाटतो तो हा, त्यांनी स्वतः न लिहिलेला रविवार.

ही रीत त्यांनी शोधून काढली नव्हती. मराठी वर्तमानपत्रांना ती सुरुवातीपासून ठाऊक होती. लोकहितवादींची शतपत्रं १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये येऊ लागली तीच मुळी पत्रं म्हणून. स्वतःच्या समाजाला इतकं टाकून बोलणारं लेखन आजच्या एखाद्या संपादकाने छापलं तर त्याला घराबाहेर पडणं मुश्कील होईल. पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'तून लोकहितवादींवर तुटून पडायचं ठरवलं, तेव्हा ते पानंच्या पानं लिहीत बसले. त्यांचं म्हणणं मला पटत नाही, पण तो माणूस लिहायला बसला हे विसरता येत नाही. टिळक-आगरकरांची गोष्ट तर शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या कारभाऱ्यांच्या बदनामीच्या खटल्यात, १८८२ मध्ये दोघे डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र राहिले. पुढे मतं फाटली, आगरकरांनी 'केसरी' सोडला, १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून दोघांनी एकमेकांना जे सुनावलं आहे ते आजही वाचताना कान गरम होतात. पुण्यातल्या लोकांनी आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली, हेही खरं. तेव्हाचं पुणं फार सहिष्णू होतं असं म्हणायचा माझा इरादा नाही. पण प्रेतयात्रेने वाद मिटला नाही, तो पानांवर चालूच राहिला, आणि म्हणून आज आपण दोन्ही बाजू वाचू शकतो.

आणि पुण्याचंच कशाला? आपल्या ठाण्यातून १८६६ मध्ये 'अरुणोदय' निघालं. मुंबई शेजारी असताना ठाण्यासारख्या गावाने स्वतःचं साप्ताहिक काढायचं, ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती. 'हिंदूपंच' हे विनोदी आणि बोचरं साप्ताहिकही इथलंच. त्याने गोपाळ कृष्ण गोखल्यांवर इतके घाणेरडे वार केले की त्या शांत माणसाने बदनामीचा दावा लावला आणि १९०९ च्या सुमारास 'पंच' बंद पडला. व्याख्यानमालेने एखादं पुष्प या विषयावर गुंफलं तर मी पुढच्या रांगेत येऊन बसेन. कारण त्यात गोखल्यांची बाजूही आहे. वर्तमानपत्र खोटं लिहितं म्हणून त्याला कोर्टात उभं करणं हा वाचकाचा हक्क आहे, आणि गोखल्यांनी तो आपल्या नावानिशी वापरला.

आता त्यापुढे आपली अलीकडची वर्षं ठेवा. राज्य सरकारने अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाचा निर्णय घेतल्यावर 'लोकसत्ता'त उपरोधिक अग्रलेख आला आणि जून २००८ मध्ये तेव्हाचे संपादक कुमार केतकर यांच्या ठाण्यातल्या घरावर हल्ला झाला. निषेध सगळ्यांनी केला. पण तो अग्रलेख बरोबर होता की चूक, स्मारकावर एवढा खर्च करावा की करू नये, यावर ठाण्यात एखादी सभा झाल्याचं मला आठवत नाही. २०१६ च्या सप्टेंबरात मराठा मोर्चांवरच्या व्यंगचित्रावरून 'सामना'च्या नवी मुंबईतल्या कचेरीवर दगड पडले. एरवी इतरांच्या कचेऱ्यांवर कोण चालून जात असे, ते मी सांगायला नको. दिलगिरी व्यक्त झाली आणि विषय तिथेच मिटला. त्याच वर्षी मार्चमध्ये 'लोकसत्ता'ने मदर तेरेसांवरचा 'असंतांचे संत' हा अग्रलेख छापला आणि दुसऱ्या दिवशी मागे घेतला. ज्यांना तो आवडला नव्हता त्यांना उत्तराची संधी मिळाली नाही. ज्यांना पटला होता त्यांना तो का मागे घेतला हे समजलं नाही. लिहिणाऱ्यालाही स्वतःच्या लेखाची बाजू मांडावी लागली नाही. दगड असो की माघार, लेखावर बोलणं राहूनच गेलं.

तुमच्या बैठकीतही हेच झालं. त्या दिवशी मंडळातल्या कितीजणांनी तो लेख वाचला होता? मला मिळालेल्या माहितीप्रमाणे एकाच्या मोबाईलवर त्याचा अर्धा फोटो होता.

मी तो पूर्ण वाचला आहे, दोनदा. दहीहंडीवरचा लेख. आपल्या शहरात हंडी म्हणजे काय प्रकरण आहे ते मी ठाणेकरांना सांगायची गरज नाही. चौकाचौकांत पुढाऱ्यांचे फलक, लाखांची बक्षिसं, दूरचित्रवाणीचे कॅमेरे, आणि वर चढणारी मुलं बहुतेक चाळींतली नि झोपडपट्ट्यांतली. लेखकांनी गोविंदांना पुढाऱ्यांचे भाडोत्री मजूर म्हटलं आणि जायबंदी झालेल्याकडे कुत्रंही फिरकत नाही, असं लिहिलं. पैकी बक्षिसांच्या राजकारणावरचा भाग मला पटला. उंचीची आणि वयाची मर्यादा घालणारा उच्च न्यायालयाचा आदेश २०१४ चा, त्याचं पुढे काय झालं हे त्यांनी नीट सांगितलं आहे. पण २०२२ मध्ये सरकारने गोविंदांसाठी विम्याचं कवच जाहीर केलं, त्याचा लेखात पत्ताच नाही. विम्याचे पैसे प्रत्यक्षात किती जणांना, किती दिवसांनी मिळतात, हे शोधलं असतं तर खरा लेख झाला असता. त्यासाठी एखाद्या पथकाच्या सरावाला रात्री जाऊन बसावं लागलं असतं. मिठागरं पायी तुडवणारा माणूस तेवढंही गेला नाही. सरावाला येणारा मुलगा दिवसभर कुरिअर वाटून येतो की कॉलेजातून येतो, त्याला पथकात काय मिळतं, घरचे काय म्हणतात, याची एक ओळ त्या लेखात नाही. सगळा लेख खुर्चीत बसून लिहिलेला आहे, आणि मला राग आला तो याचा.

चुकीची दुरुस्ती पुढच्या अंकांत शोधली. नव्हती.

असं व्हायला लागलं त्याला आता बरीच वर्षं झाली. मला जाणवलं ते २०१३ मध्ये. ४ एप्रिलला शिळफाट्याजवळ लकी कंपाऊंडमधली बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळली, ७४ माणसं गेली. त्यानंतर महापालिकेने अनधिकृत इमारतींवर कारवाईची भाषा सुरू केली तेव्हा त्याविरुद्ध राजकीय पक्षांनी ठाणे बंद पुकारला. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष त्या दिवशी एका बाजूला होते. लेखकांनी बंदवर लिहिलं ते जबरदस्त होतं. पक्षांची अशी सालटी काढली की मी लेखाचं कात्रण जपून ठेवलं. पण अशा इमारतींत घर घेणाऱ्यांनाही त्यांनी गुन्ह्यातले भागीदार ठरवलं. मुंब्र्याच्या एका बाईने लिहिलं की, माझ्या पगारात अधिकृत घर या जिल्ह्यात कुठे मिळतं त्याचा पत्ता तेवढा कळवा, मी उद्या राहायला जाते. मास्तरांच्या पत्राच्या तोडीचं पत्र होतं ते. तोवर मी निवृत्त झाले होते, पण पान सांभाळणारी मुलगी मला विचारायला आली. मी म्हटलं, त्यांच्याकडे घेऊन जा. ती गेली. लेखकांनी पत्र न वाचता परत केलं, वाचकांना उत्तरं देत बसलो तर लिहू कधी, असं म्हणाले.

त्यांचा एकट्याचाच दोष नाही. पत्रांची जागा आधीच आटत चालली होती. आमच्या दैनिकात एके काळी अर्धं पान होतं, नंतर त्याची पट्टी झाली. पत्रं ईमेलने यायला लागली आणि वाचायला माणूस ठेवणं व्यवस्थापनाला परवडेनासं झालं. उलट उत्तर देण्याचा हक्क प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत आहे, पण तिथे तक्रार करून फार तर ताशेरे मिळतात. कौन्सिलला दंड करायचा अधिकार नाही. म्हणजे सामान्य वाचकाच्या हातात उरलं काय? लेख आवडला नाही तर एक तर गप्प बसायचं, नाहीतर तुमच्या कार्यवाहांना फोन करायचा. जो माणूस लेखाखाली आपलं उत्तर छापून येईल या भरवशावर राहू शकत नाही, तो सभागृहाच्या दाराशी येतो. त्याचं वागणं समर्थनीय नाही, पण तो कुठून आला ते तुम्हाला कळायला हवं.

आणखी एक गोष्ट, जी पत्रिकेत त्यांच्या परिचयात छापली नव्हती. आपले लेखक मधल्या काळात एका सरकारी समितीवर होते. समिती कोणत्या सरकारने नेमली होती आणि त्या काळात त्यांच्या सदराचा सूर कसा होता, ते जुने अंक काढून कोणीही पाहावं. पत्रकाराने राजकारणात जाऊ नये असं मी म्हणणार नाही. टिळक काय करत होते? आचार्य अत्रे 'मराठा' चालवता चालवता विधानसभेत होते. केतकर २०१८ मध्ये काँग्रेसकडून राज्यसभेवर गेले. ही सगळी माणसं कोणत्या खुर्चीवरून बोलताहेत हे वाचकाला दिसत होतं. आपल्या लेखकांच्या सदराखाली मात्र त्या काळात समितीचा उल्लेख एकदाही आला नाही. मला हे त्यांच्या सगळ्या वादग्रस्त वाक्यांपेक्षा गंभीर वाटतं, आणि याबद्दल त्यांना आजवर एकानेही फोन केलेला नाही.

तुमच्याकडे आलेल्या त्या दोघांकडे, त्यांना कल्पना असो वा नसो, खणखणीत मुद्दा होता. विम्याचा. त्यांना पहिल्या रांगेत बसवून माईक हातात दिला असता, तर लेखकांची खरी पंचाईत झाली असती. पण त्यासाठी त्यांनाही लेख पूर्ण वाचावा लागला असता, कागद जमवावे लागले असते, आपलं नाव सांगून बोलावं लागलं असतं. त्या कष्टातून तुम्ही त्यांनाही वाचवलंत. एका फोनवर काम होतं, हे एकदा कळल्यावर पुढच्या वर्षी आणखी कोणाचा तरी फोन येईल. आहारावरच्या व्याख्यानालाही येऊ शकतो. मांसाहाराचा विषय निघाला की झालंच.

माझी मागणी अशी. मुलाखत पुन्हा ठेवा, यंदाची माला संपल्यावर स्वतंत्र कार्यक्रम म्हणून चालेल. मात्र नेहमीची नको, ज्यात मुलाखतकार 'आपल्या लेखणीचं रहस्य काय' असं विचारतो आणि पाहुणे बालपणात शिरतात. अर्धा तास मुलाखत, बाकी सगळा वेळ श्रोत्यांचे प्रश्न. चिठ्ठ्या नकोत, कारण चिठ्ठ्या कोण निवडतो हे आपण सगळे जाणतो. उभं राहायचं, नाव सांगायचं, विचारायचं. गोविंदा पथकांना रीतसर लेखी निमंत्रण द्या. जासईला द्या, मुंब्र्याला द्या. तथ्यांबद्दलच्या हरकती लेखकांना आठ दिवस आधी कळवा, म्हणजे 'पाहून सांगतो' म्हणायची सोय राहणार नाही. बंदोबस्तासाठी पोलिसांकडे अर्ज करा. तो मंजूर झाला नाही तर नामंजुरीचं पत्र फलकावर लावा. पत्रकार आणि माध्यमसंस्थांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्याने २०१७ मध्ये कायदा केला आहे, अर्जात त्याचा उल्लेख करायला हरकत नाही. खर्चाचा प्रश्न असेल तर आजीव सभासदांना सांगा. आम्ही आयुष्यात एकदाच वर्गणी भरली आहे, पुन्हा भरायला लाजणार नाही.

आणि अशा अटींवर यायला लेखकांनीच नकार दिला, तर तेवढं छापा. 'अपरिहार्य कारणास्तव' छापू नका. 'पाहुण्यांनी श्रोत्यांच्या प्रश्नांना उत्तरं देण्यास नकार दिल्यामुळे' असं छापा. मग मी स्वतः दारात उभी राहून पत्रिका वाटेन.

ज्या बैठकीत हा निर्णय झाला तिचं इतिवृत्त मला पाहायचं आहे. ठराव कोणी मांडला, अनुमोदन कोणी दिलं, विरोध कोणी नोंदवला की नाही, हे समजायला हवं. पुढच्या आठवड्यात मी कार्यालयात येते. किल्ली कोणाकडे आहे, दप्तर घरी आहे, अशा सबबी कृपया सांगू नयेत. त्या मी नोकरीत असताना पुष्कळ ऐकल्या आहेत.

या पत्राची एक प्रत मी त्या लेखकांनाही टपालाने पाठवली आहे, सोबत विमा, समिती आणि मुंब्र्याच्या बाईंचं पत्र, हे तीन प्रश्न वेगळ्या कागदावर लिहून. कागदाच्या एकाच बाजूस. उत्तर आलं तर तुमच्या फलकावर लावायला आणून देईन.

आपली,
एक आजीव सभासद
नौपाडा, ठाणे